बाबलीची नादारी

कोर्टाची नोटीस वाचून गुरुप्रसादला आधी हसूच आलं. त्याचा चुलतभाऊ बाबली, म्हणजे कागदोपत्री दत्तप्रसाद, ओरसच्या जिल्हा न्यायालयाला सांगत होता की मी नादार माणूस आहे, माझ्यापाशी काही नाही, तेव्हा अपिलाची कोर्ट फी मला माफ करावी. तुमची हरकत असेल तर तारखेला हजर राहून सांगा, असं नोटिशीत लिहिलेलं. बाबली आणि नादार? उसवलेल्या सदऱ्याच्या खिशाला पेन लावून बाजारात जाणारा बाबली? कुणीतरी त्याच्याकडून हे लिहून घेतलं असणार.

हसू ओसरलं तसं त्याला कसंसंच झालं. नोटीस त्याने घडी घालून टीव्हीच्या खाली ठेवली आणि दिवसभर टीव्ही लावला नाही.

भांडण तसं साधं होतं, म्हणजे कोकणात घरोघरी असतं तसं. नांदगावला हमरस्ता सोडून आत गेलं की व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला त्यांची भातजमीन, वर काजूचा उतार आणि उताराच्या टोकाला घर. गुरुप्रसादचे वडील थोरले आणि कणकवलीत मास्तर, म्हणून सातबाऱ्यावर नाव त्यांचं लागलं. बाबलीचे वडील धाकटे, त्यांनी नावाची फिकीर न करता नांगर धरला. दोघे भाऊ होते तोवर सातबारा कुणी उघडून पाहिला नाही. आता दोघेही नव्हते. गुरुप्रसाद पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन कणकवलीत फ्लॅटमध्ये राहत होता, बायको जाऊन बरेच दिवस झाले होते, मुलगा मिहीर पुण्यात होता. रस्ता चौपदरी झाल्यापासून त्या उतारावर रिसॉर्ट काढायचं म्हणणारी एक पार्टी मिहीरच्या मागे लागली होती. मिहीर बापाच्या मागे लागला, आणि गुरुप्रसादने ताब्यासाठी दावा लावला. कणकवलीच्या कोर्टात कागद बोलला. गुरुप्रसाद जिंकला.

ज्याच्यावर दावा होतो त्याला फी पडत नाही, त्यामुळे तोवर बाबलीचं निभावलं. अपील करायचं तर मात्र जमिनीच्या किमतीवर फी. आणि किंमत रस्त्याने अशी वाढवून ठेवलेली, की जी जमीन वाचवायची तीच विकली तर फी भरता यावी. म्हणून हा नादारीचा अर्ज. तो नामंजूर झाला की फी भरायला थोडी मुदत मिळते. मुदत संपली की अपील संपलं, आणि मग बाबलीने बायकोला घेऊन घराबाहेर पडायचं. कुठे जायचं, ते कायद्यात लिहिलेलं नाही.

“बाबा, हा अर्ज उडाला की विषय संपला,” मिहीर फोनवर म्हणाला. “तुम्ही फक्त जाऊन बसा. बोलायचं ते अप्पा वकील बोलतील.”

बसायला काय जातं, म्हणून गुरुप्रसाद तारखेला सकाळच्या एसटीने ओरसला निघाला. खिडकीपाशी जागा मिळाली. रस्ता आता असा रुंद झाला होता की कुठलं गाव कधी मागे पडलं ते कळत नव्हतं. पूर्वी वळणावर गाडी मंद व्हायची, बाहेरची माणसं ओळखू यायची, कंडक्टर कुणाच्या तरी घरची चौकशी करायचा. गुरुप्रसादला ते दिवस आठवायला निमित्त लागत नसे, आणि आज तर निमित्त आयतंच होतं.

त्याची आई तो बोलायला लागायच्या आधीच गेली. वडील कणकवलीत शाळेच्या खोलीवर राहायचे, मूल सांभाळणार कोण? त्यांनी पोर उचललं आणि भावजयीच्या पदरात घातलं. ती बाबलीची आई, याची काकी. बाबली तेव्हा रांगत होता. काकीने दोघांना एकाच ताग्यातलं कापड घेऊन सदरे शिवले, एकाच वेळी डोक्याला तेल लावलं, एकाच वेळी धपाटे घातले. शाळेत नवीन गुरुजी आले तेव्हा त्यांनी विचारलं, बाई, यातला तुमचा कुठला? काकी म्हणाली, “दोनय माझेच.” गुरुजींनी जुळे म्हणून लिहायला घेतलं होतं, शेजाऱ्यांनी थांबवलं.

काजीच्या दिवसांत दोघे घरामागे काजी भाजायचे. चीक उडून हात पोळायचे, काळे डाग पडायचे, आणि ते डाग घेऊन दोघे शाळेत मिरवायचे. कापणी झाली की खळ्यात भाताच्या पेंढ्यांच्या उडवीला टेकून झोपायचे. सोबतीला काकी, तिच्या भुताखेतांच्या गोष्टी आणि तिचं मध्येच घोरणं. गुरुप्रसाद पाचवीला वडिलांकडे कणकवलीला गेला, त्या दिवशी बाबली व्हाळापर्यंत सोडायला आला होता. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत, कारण बोलले असते तर रडले असते. तेवढं सुख पुन्हा कुठे मिळालं नाही, हे गुरुप्रसादने स्वतःशी कधीच कबूल करून टाकलं होतं. कबूल करून दावा लावायचा तो लावलाच, हा भाग वेगळा.

कोर्टात बाबली आधीच येऊन बसला होता. दाव्याच्या तारखांना गुरुप्रसाद वकिलालाच पाठवायचा, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी तो दिसला. खांदे खाली आले होते. सदरा इस्त्रीचा होता आणि खिशाला पेन होतं. त्याच्या शेजारी त्याची वकील चारुता, कणकवलीची तरुण मुलगी. बाबलीकडून फी घेत नाही म्हणून बार रूममध्ये तिची थोडी चेष्टा व्हायची. बाबलीने गुरुप्रसादकडे पाहिलं आणि मान हलवली, रस्त्यात भेटल्यावर हलवतात तशी. गुरुप्रसादनेही हलवली. अप्पा वकिलांना ते आवडलं नाही.

“ओळख दाखवू नका,” ते कुजबुजले. “काम सोपं आहे. त्याला पिंजऱ्यात बोलावतील, काय काय आहे विचारतील. आपण ऐकायचं.”

न्यायाधीश बाई विदर्भाकडच्या होत्या, बदलून येऊन वर्षही झालं नसेल. आवाज मऊ, पण प्रश्न नेमका. त्यांनी अर्ज चाळला. त्यात चारुताने नीट लिहिलं होतं: सोनंनाणं नाही, गुरं नाहीत, बँकेत शिल्लक नाही, वादातल्या जमिनीखेरीज उत्पन्न नाही, आणि त्या जमिनीचंही दोन वर्षं वानरांनी आणि गव्यांनी काही ठेवलेलं नाही. तहसीलदाराचा अहवालही तसाच. चारुताने हे सगळं बाबलीला वाचून दाखवलं होतं. त्याने मान डोलावली आणि सही केली. तोंडाने बोलायची वेळ तिथे आली नव्हती. ती आता आली.

सरकारी वकिलाने विचारलं, “घरात धान्य किती आहे?”

“आसा,” बाबली म्हणाला. मग कचेरीत बोलायची मराठी आठवून, “आहे, साहेब.”

“म्हणजे किती?”

“आसा, आसा.”

चारुताने मान वर केली. सरकारी वकिलाने अर्जाकडे पाहिलं, मग बाबलीकडे.

“गुरं आहेत?”

“जोत आसा.”

“बैलजोडी? अर्जात तर गुरं नाहीत असं लिहिलंय.”

बाबलीने खिशाचं पेन सरळ केलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“सोनं? पत्नीच्या अंगावर काही?”

“आहे ना, साहेब. आसा, आसा.”

स्टेनोच्या बोटांचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. “अॅडव्होकेट, तुमचे अशील प्रतिज्ञापत्रावर एक सांगतात आणि इथे दुसरंच. खोटं प्रतिज्ञापत्र असेल तर अर्ज फेटाळण्यावर हे थांबणार नाही, ठाऊक आहे ना?”

चारुता उभी राहून अर्जाची पानं उलटू लागली. अप्पा वकील समाधानाने मागे रेलले आणि गुरुप्रसादच्या कानाशी म्हणाले, “बघितलंत? गडी आपणहून बुडाला. आपल्याला तोंड उघडायची गरजच नाही.”

गुरुप्रसादने ते ऐकलं नाही. तो केव्हाच नांदगावच्या त्या स्वयंपाकघरात जाऊन पोचला होता.

त्या घरात एक रीत होती. आहे-नाही विचारलं तर ‘नाय’ म्हणायचं नाही. तांदूळ संपले असं कुणी बोलत नसे, तांदूळ वाढले म्हणायचे. शेजारीण मीठ मागायला आली आणि घरात मीठ नसलं, तर काकी “आसा गो, बस” म्हणून तिला ओटीवर बसवायची, एका पोराला मागल्या दाराने तिसऱ्याच घरी पिटाळायची आणि आणलेलं मीठ तिच्या हातावर ठेवायची. लहानपणी एकदा पाहुणे बसलेले असताना गुरुप्रसाद बोलून गेला होता, “काकी, तांदूळ नाय.” काकीने मारलं नाही. पाहुणे गेल्यावर त्याला जवळ घेऊन म्हणाली, “वास्तू आयकता रे बाबू. आपण नाय म्हटला की ती तथास्तु म्हणता. मगे खराच नाय होता.” आणि मग तिने त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, तांदूळ आसा, मीठ आसा, गूळ आसा. शेजारी बसून बाबलीही म्हणत होता.

पोरांना पुढे त्यातली मेख कळली. खरोखर असलं की काकी एकदाच आसा म्हणायची आणि वाढायला उठायची. दोनदा म्हणाली, “आसा, आसा,” की समजायचं, मडक्यात हात घातला तर तळ लागेल. त्या दिवशी पोरं दुसऱ्यांदा मागत नसत. गुरुप्रसाद विसरला तर बाबली पानाखालून त्याचा अंगठा दाबायचा.

गुरुप्रसाद भानावर आला तेव्हा न्यायाधीश बाई त्याच्या आणि अप्पांच्या बाकाकडे बघत विचारत होत्या, “जाबदारांना काही म्हणायचं आहे?”

“काही नाही,” अप्पा अर्धवट उठत म्हणाले. “अर्जदाराचं उत्तर पुरेसं आहे.”

“मला आहे,” गुरुप्रसाद म्हणाला.

अप्पांनी त्याची बाही धरली. बाही सोडवून घेऊन तो पुढे गेला. बाबली खाली उतरला होता, त्याच्या जागी गुरुप्रसादला उभं केलं, शपथ दिली. आता याच्याकडून आणखी काय ऐकावं लागणार, असं चारुताच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“मॅडम, त्याने आता जे सांगितलं ते धरू नका.”

“म्हणजे अर्जदार खोटं बोलले?”

“नाही. तो खोटं बोलत नाही. आमच्या घरात तसंच बोलतात.” आणि मग अडखळत, मागचं पुढे करत, त्याने काकीची ती रीत सांगितली. सांगताना त्याला लाज वाटली नाही. कोर्टात कुणीतरी हसलं, ते थांबलं. स्टेनोने हात बाजूला घेतले होते. ती कुडाळकडची होती, तिच्याही घरात तांदूळ वाढतच असावेत.

“तुमचा मुद्दा समजला,” न्यायाधीश बाई म्हणाल्या. “पण रीत ऐकून मला आदेश लिहिता येत नाही. मला हो की नाही ते लागेल. तुम्ही सांगा. त्यांच्या घरात धान्य आहे?”

गुरुप्रसादने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की शब्द बाहेर येत नाही. खात्यात इतकी वर्षं त्याने लोकांना नाही म्हणत काढली होती. पाणी नाही, निधी नाही, साहेब जागेवर नाहीत. पण त्या घराबद्दल त्याने हा शब्द त्या एका दिवसानंतर उच्चारला नव्हता. समोर बाबली बाकाच्या कडेला बसून त्याच्याकडे बघत होता आणि हळूच मान हलवत होता. नको, म्हणत होता. अपील गेलं तरी चालेल, पण तू म्हणू नको.

“धान्य आहे का?” बाईंनी पुन्हा विचारलं.

“नाही,” गुरुप्रसाद म्हणाला.

“बैल?”

“नाहीत.”

“सोनं?”

“काही नाही. मंगळसूत्राचे मणी असतील.” मग त्याने सगळं एकदम सांगून टाकलं. “त्या घरात काही नाही, मॅडम. लिहून घ्या.”

“तुम्ही अलीकडे तिथे गेला होता?”

“नाही. पुष्कळ वर्षांत नाही.”

“मग कशावरून सांगता?”

“तो दोनदा आसा म्हणाला, मॅडम.”

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही जाबदार आहात. हा अर्ज मंजूर झाला तर अपील चालेल. तुमच्या हातात आलेली जमीन पुन्हा वादात जाईल. हे तुमच्या वकिलांनी समजावलंय?”

“हो, चांगलं समजावलंय,” गुरुप्रसाद म्हणाला. अप्पा वकील छताकडे बघत होते.

जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश झाला. तहसीलदाराचा अहवाल, प्रतिज्ञापत्र आणि जाबदाराचं म्हणणं एकमेकांशी जुळतं, सबब अर्ज मंजूर, फीशिवाय अपील दाखल करून घ्यावं. चारुताने बाबलीला ते दोनदा समजावून सांगितलं आणि मग, बहुधा कुणी शिकवलं नसताना, गुरुप्रसादला वाकून नमस्कार केला. अप्पा वकील गाडीत बसून निघून गेले. खिशात मिहीरचा फोन वाजत होता. गुरुप्रसादने तो वाजू दिला.

बाबली आवारातल्या झाडाखालच्या बाकावर जाऊन बसला होता. शेजारी कापडी पिशवी, तिच्यात उभा स्टीलचा डबा. गुरुप्रसाद पलीकडच्या टोकाला टेकला. दोघांच्या मध्ये पिशवी राहिली.

“तू म्हटलंस,” बाबली म्हणाला. त्याने गुरुप्रसादकडे पाहिलं नाही.

“म्हटलंय.”

“भर कोर्टात. चार माणसांत. आवशीन कितक्या शिकवल्यान, आणि तू म्हटलंस.”

“मगे काय करू? तुझा अपील बुडू देव?”

“बुडला असता तर बुडला असता. वास्तू आयकता.”

“वास्तू थय नांदगावाक आसा. हय कोर्ट आसा.”

“कोर्ट काय वास्तू नाय?” बाबली म्हणाला. इतकी वर्षं बोलणं नव्हतं, पण वाद घालायची पद्धत काडीइतकी बदलली नव्हती. गुरुप्रसादला एकदम इतकं बरं वाटलं की त्याने तोंड फिरवून रुमाल काढला.

मग बाबलीच म्हणाला, “झिलाक, मिहीराक काय सांगतलंस?”

“बघूया. सांगान कायतरी.”

“चिडतलो तो.”

“चिडांदे. तेका काकी म्हायत नाय.”

बाबलीने एकदा मान हलवली. काकीचं नाव निघाल्यावर त्याचा राग टिकत नसे, तो लहानपणीही टिकला नव्हता. बाकाच्या लाकडावर त्याचा हात होता. काजीच्या चिकाचे डाग कधीच गेले होते, आता नुसत्या शिरा दिसत होत्या.

“जेवलंस?” गुरुप्रसादने विचारलं.

“डबो आसा. सत्यवतीन दिल्यान,” बाबली म्हणाला. सत्यवती त्याची बायको.

“मगे खा. दोन वाजान गेले.”

“भूक नाय.”

भुकेला नाय म्हणायला काकीची हरकत नव्हती. तळेऱ्याला जाणारी गाडी यायची वेळ झाली होती. तीच कणकवली घेऊन पुढे नांदगावला जाते. बाबली गुडघ्यावर हात टेकत उठू लागला, त्याला वेळ लागत होता, म्हणून गुरुप्रसादने पिशवी उचलली.

हात एकदम वर आला. पिशवीला काही वजनच नव्हतं. आत झाकण डब्यावर वाजलं, नुसत्या पत्र्यावर पत्रा वाजतो तसं. सकाळी घरातून निघताना कुणी विचारू नये, बाजूला बसलेल्याला कळू नये, म्हणून सत्यवतीने धुऊन पुसून हातात दिलेला डबा. गुरुप्रसाद तसाच उभा राहिला. बाबलीने ते पाहिलं. त्याला कळलं की याला कळलं.

“हळू धर रे,” बाबली म्हणाला. “कढी आसा. सांडात.”

“धरलंय,” गुरुप्रसाद म्हणाला. त्याने दुसरा हात पिशवीच्या बुडाला लावला आणि ती जराही कलू न देता तो बाबलीच्या मागोमाग चालू लागला.